डोंबिवलीच्या नावाची संख्या

डोंबिवली स्थानकावर सकाळी गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाला संख्यांची वाण नसते. गाडीची वेळ, फलाटाचा क्रमांक, पासाची मुदत, घराच्या कर्जाचा हप्ता, मुलाला चाचणी परीक्षेत पडलेले गुण अशा अनेक संख्या डोक्यात घेऊनच तो डब्यात शिरतो. या संख्यांपैकी एकही त्याला आनंद देत नाही, हा भाग वेगळा. परंतु ज्या फलाटावर तो उभा आहे त्या स्थानकाचे नाव गणिताच्या ग्रंथांत गेलेले आहे, आणि ते तेथे नेणारा मनुष्य ठाण्याच्या शाळेत शिकलेला, पुढे सबंध आयुष्य शाळामास्तरकीत घालविलेला एक मराठी गृहस्थ होता, हे त्याला बहुधा ठाऊक नसते. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. गणिताचा अधिकार त्याला नाही. तथापि वर्गात सहज विचारलेल्या प्रश्नाला चाळीस मुलांपैकी एकानेही उत्तर दिले नाही, आणि शिक्षक-कक्षातही फारसा निराळा अनुभव आला नाही, तेव्हा हा उद्योग आपणच करावा असे वाटले.

गृहस्थाचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू येथे. डहाणू त्या काळी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ते त्यात गेले. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषाच्या खरेखोटेपणाविषयी येथे वाद घालण्याचे कारण नाही. परंतु ज्या घरात कुंडल्या मांडल्या जातात त्या घरातल्या मुलाच्या कानावर आकडे फार लवकर पडतात, एवढे खरे. आई मुलाच्या आठव्या वर्षीच गेली. माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले. १९२३ साली कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. केंब्रिजला १८९९ साली सीनिअर रँग्लर होण्याचा मान मिळविणाऱ्या र. पु. परांजपे यांच्या नावाचे तेथे गणिताचे पारितोषिक होते. स्वतंत्र गणिती लेखनासाठीचे ते पारितोषिक १९२७ साली कापरेकरांना मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक म्हणून रुजू झाले. पदव्युत्तर पदवी त्यांनी घेतली नाही. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते देवळालीतच होते. पुढे निवृत्तिवेतनात भागेना, म्हणून गणिताच्या व विज्ञानाच्या शिकवण्या करू लागले. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. १९८६ साली ते स्वतः गेले.

चरित्र म्हणून पाहिले तर एवढेच. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत अशी हजारो चरित्रे घरोघर सापडतील. वेगळेपण आहे ते त्यांनी रिकाम्या वेळाचे काय केले यात.

ठाण्याहून कल्याणकडे, पुण्याकडे किंवा नाशिककडे जाणारा लोहमार्ग डोंबिवलीवरून जातो. मुंबईपासून तीस मैलांवरचे हे स्थानक त्या वेळी जी. आय. पी. रेल्वेवर होते, आणि कापरेकरांच्या संदर्भात त्याचे नाव ‘डेम्लो’ असे नोंदलेले आढळते. या स्थानकावर त्यांना एका विशिष्ट प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली आणि त्यांनी त्या संख्यांना स्थानकाचेच नाव देऊन टाकले. ‘डेम्लो संख्या’ ती हीच. आज डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या माणसाला पाय ठेवायला जागा मिळाली तरी पुष्कळ झाले, तेथे कल्पना कोठून सुचणार, असे कोणी म्हणेल. परंतु गाडीची वाट पाहण्यात जाणारा वेळ तेव्हाही होता आणि आताही आहे.

डेम्लो संख्या म्हणजे काय, हे समजायला प्राथमिक शाळेतले गणित पुरते. २५५३ ही संख्या घ्या. तिचे तीन भाग करा: आरंभीचा २, मधले ५५, शेवटचा ३. आरंभ आणि शेवट यांची बेरीज ५, आणि मध्ये तोच ५ पुन्हा पुन्हा आलेला. १६५ चेही तसेच. १ आणि ५ मिळून मधला ६. पहिला व शेवटचा भाग मिळविला की मधल्याच अंकाची रांग उभी राहावी, असा हा प्रकार. या कुळातील एक शाखा विशेष देखणी आहे. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. शेवटच्या संख्येतला मधला ४ वगळला तर १२३ आणि ३२१ उरतात, त्यांची बेरीज ४४४. असे नऊ एककांपर्यंत जाता येते. १११११११११ चा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते.

या सतरा अंकी संख्येपाशी थोडे थांबण्यासारखे आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एकं, दहं, शतं यांच्यापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. त्या मोजणीने हिचा पहिला अंक ‘मध्य’ या सतराव्या स्थानी पडतो. म्हणजे परार्धाला एकच पायरी कमी. ती उलट वाचली तरी तीच राहते. मधला ९ बाजूला ठेवून १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज करावी तर ९९९९९९९९ येते, अर्थात ती अस्सल डेम्लो आहे. तिच्या सर्व अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’ असे सुंदर नाव दिले आहे, तेव्हा ती हर्षदही झाली. भाग दिल्यावर जे उरते तो १२३४५६७९ चा वर्ग असतो, आणि या आठ अंकी संख्येत ओळीने सर्व अंक येऊन नेमका ८ तेवढा गळालेला असतो. मूळ अवयव पाडायचे तर ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा. याखेरीज तिच्यात काही नाही. एवढ्या भव्य देखाव्यामागे अवघ्या तीन मूळ संख्या असाव्यात याची गंमत वाटते.

दहाव्या एककाशी मात्र हा मनोरा कोसळतो. दहा एककांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. मध्ये दहा उभे राहायला हवेत, पण एका घरात दहा मावत नाहीत, हातचा शेजारी सरकतो आणि चढणउतरणीची ओळ बिघडते. १९३८ साली भारतीय गणित परिषदेच्या ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात या संख्यांवर कापरेकरांचा लेख आला. १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात गुंजीकरांसह लिहिलेला, डेम्लो संख्यांची उपपत्ती मांडणारा लेख आला. १९४८ साली त्यांचे स्वतंत्र पुस्तकही निघाले. कापरेकरांच्या बहुतेक पुस्तिका त्यांनी पदरमोड करून छापल्या. शाळामास्तराच्या पगारातून छपाईचे बिल भागविणे म्हणजे काय, हे शिक्षकवर्गाला निराळे सांगायला नको. गणिताच्या परिषदांनाही ते स्वखर्चाने जात.

अशाच एका परिषदेत, १९४९ साली मद्रासला, त्यांनी ६१७४ या संख्येचा गुण जाहीर केला. आज जगभर त्यांचे नाव निघते ते प्रामुख्याने या चार अंकांमुळे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नसावेत एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा आणि जे उत्तर येईल त्याच्याशी पुन्हा हेच करा. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊन पाहू. ९५१० मधून ०१५९ गेले की ९३५१ उरतात. पुढे क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेस ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी पुन्हा ६१७४. तेथून सुटका नाही. सातापेक्षा जास्त खेपा कोणत्याच संख्येला लागत नाहीत. अमेरिकेतील ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात यावरील त्यांचे टिपण १९५५ साली प्रसिद्ध झाले.

यात जादू नाही. उतरत्या क्रमाने लावलेल्या अंकांतील पहिल्या व चौथ्या अंकांमधला फरक ९९९ ने गुणावा, दुसऱ्या व तिसऱ्या अंकांमधला फरक ९० ने गुणावा आणि दोन्हींची बेरीज घ्यावी, की वजाबाकीचे उत्तर मिळते. हे दोन फरक मिळून केवळ ५४ प्रकारचे असू शकतात. म्हणजे आरंभीचे शून्य धरून मोजलेल्या ९९९० संख्या पहिल्याच खेपेस ५४ खोल्यांत कोंबल्या जातात, आणि पुढचा प्रवास या खोल्यांतल्या खोल्यांतच होतो. कोणत्याही आठवीच्या विद्यार्थ्याला हे फळ्यावर पटवून देता येईल. परंतु पटवून देणे सोपे आहे म्हणून शोधणेही सोपे होते असा निष्कर्ष काढू नये. तीन अंकांत ४९५ असाच सर्वांना ओढून घेतो. दोन अंकांत मात्र असा एक मुक्काम सापडत नाही. ८१, ६३, २७, ४५ आणि ०९ यांचे चक्रच फिरत राहते. पाच अंकांतही चक्रेच आहेत. चार अंकांना जे साधले ते पाचांना साधू नये, हे आधी कोणाला सांगता आले असते?

कापरेकरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणखीही संख्या आहेत. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून मिळवले की पुन्हा ४५. ५५, २९७, ७०३ यांचेही तेच. १४२८५७ ही सातच्या अपूर्णांकातून येणारी जुनी ओळखीची संख्या. तिचा वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ व १२२४४९ यांची बेरीज बरोबर १४२८५७. याखेरीज ‘स्वयंभू’ संख्या आहेत. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की तिचे अपत्य मिळते, जसे २१ चे २४, २४ चे ३०. १०१ ला ९१ आणि १०० असे दोन जनक आहेत. परंतु २०, ३१, ४२, ५३ यांना जनकच नाही. त्या स्वयंभू, त्यांनाच देवळालीच्या नावानेही ओळखतात. अशा रीतीने आपण जेथे नोकरी केली ते गाव आणि जेथे गाडीची वाट पाहिली ते स्थानक, दोन्ही या माणसाने संख्याशास्त्रात नेऊन बसविली. देवळालीची छावणी अशी की, इंग्रज सोल्जरांनी तिच्या नावावरून ‘डूलाली’ हा वेड्यासाठीचा शब्द आपल्या भाषेत नेला. त्या गावी एक शिक्षक आकड्यांच्या नादी लागून बसला आहे, याकडे लोक कसे पाहत असतील याची कल्पना करता येते.

लोकांचे सोडा, जाणकारही त्यांच्याकडे फार गांभीर्याने पाहत नव्हते. भारतातील अनेक व्यावसायिक गणितज्ञांना हे काम क्षुल्लक वाटे. या मताला आधारही भक्कम होता. ज्या हार्डींनी रामानुजनांना जगापुढे आणले, त्यांनीच १९४० सालच्या आपल्या आत्मपर पुस्तकात अंकांच्या मांडणीवर बेतलेल्या अशा गमतींना खऱ्या गणितातून वगळले होते. ८७१२ ही २१७८ ची चौपट आहे आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट आहे, म्हणजे दोन्ही आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत आहेत, याने गणितज्ञाला काय मिळते, अशा आशयाचा त्यांचा प्रश्न होता. आपण दहांच्या पटीत मोजतो ते हाताला दहा बोटे आहेत म्हणून; संख्येचा खरा स्वभाव बोटांवर अवलंबून नसतो.

हा आक्षेप मला पुष्कळसा मान्य आहे. कापरेकरांना रामानुजनांच्या पंक्तीला बसवण्याची जी हौस मधूनमधून आपल्याकडे उफाळते ती त्यांच्यावरही अन्याय करणारी आहे. परंतु पुष्कळसा मान्य म्हणजे सर्वस्वी मान्य नव्हे. डेम्लो मनोऱ्याचेच पाहा. दहाऐवजी आठच्या पटीत मोजणारी माणसे असती तर त्यांनाही सात एककांचा वर्ग करताना १२३४५६७६५४३२१ असाच मनोरा दिसला असता. कळस बदलला, बांधणी तीच राहिली. तेव्हा यातला काही भाग बोटांचा असला तरी काही भाग संख्येचाही आहे, आणि दोन्हींमधली सीमारेषा नेमकी कोठे हे विचारणे हा गणिताचाच प्रश्न होय. १९७५ सालच्या मार्चमध्ये अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांचा परिचय करून दिला. त्यानंतर परदेशातले गणितज्ञ या संख्यांवर लिहू लागले आणि संगणकावर त्यांच्या सारण्या तयार होऊ लागल्या. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते, सेवानिवृत्तीला तेरा वर्षे झाली होती. परगावच्या शिक्क्याशिवाय घरचे नाणे चालत नाही, हा आपला जुनाच रिवाज.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही पाणी आणि हिरा यांचे जुने कोडे शिकवतो: पाण्यावाचून जगता येत नाही तरी ते स्वस्त, आणि हिऱ्यावाचून काही अडत नाही तरी तो महाग. उपयोगमूल्य एक, विनिमयमूल्य दुसरे. ६१७४ ला दोन्हींपैकी एकही नाही. ती विकता येत नाही आणि तिच्याने पूलही बांधता येत नाही. आमच्या शास्त्राचा दुसरा नियम असा की वस्तू वाढत जाते तसतशी तिची सीमांत उपयोगिता घटते. कापरेकरांच्या बाबतीत हा नियमही लटका पडलेला दिसतो; पन्नास वर्षांच्या आकडेमोडीनंतरही, १९८०-८१ साली, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, आपल्या नावाच्या संख्यांवर त्यांनी टिपण प्रसिद्ध केले. तेव्हा हिशेबाच्या दृष्टीने हा सगळा उद्योग निव्वळ तोट्याचा. परंतु तो तोटा भरला कोणी, हेही विचारले पाहिजे. सरकारने नाही, विद्यापीठाने नाही. एका शिक्षकाने आपल्या पगारातून, आणि पगार संपल्यावर शिकवण्यांतून तो भरला.

२०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली. पुढे तिच्यात फेरफार झाले, पण तिचा ठसा आमच्या पिढीवर राहिला आहे. लेखाला इतके गुण, परिसंवादाला इतके, पुस्तकाला इतके. हेतू वाईट नव्हता. काही न करता खुर्ची उबवणाऱ्यांना जाब विचारणे आवश्यकच होते. मात्र गुणांसाठी लिहिलेल्या लेखांचे ढीग मी पाहिले आहेत, आणि त्यांत माझेही दोनचार आहेत हे कबूल करतो. त्यांतला एखादा लेख गुण मिळणार नसते तरी लिहिला गेला असता काय, असे स्वतःला विचारले तर उत्तर देणे जड जाते. कापरेकरांना हा प्रश्न पडलाच नाही. त्यांना देण्याजोगे गुण कोणाकडेच नव्हते.

विद्यार्थ्यांविषयी बोलायचे तर ठाण्यापासून बदलापूरपर्यंत शिकवणीवर्गांच्या पाट्यांनी रस्ते भरले आहेत. तेथे गणित शिकवले जात नाही असे मी म्हणणार नाही. उत्तम शिकवले जाते. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर परीक्षेत येणार नाही तो प्रश्न तेथे कोणी काढत नाही, कारण पालकांनी शुल्क त्यासाठी भरलेले नसते. उलट ६१७४ चा खेळ एकदा मुलांना देऊन पाहावा. मी वाणिज्य शाखेच्या वर्गात, मागणीचा वक्र बाजूला ठेवून, दहा मिनिटे तो दिला. गणिताला घाबरून वाणिज्य शाखेकडे आलेली मुले वह्या उघडून वजाबाक्या करू लागली. कोणी आपले जन्मवर्ष घेतले, कोणी आसनक्रमांकाचे शेवटचे चार अंक. तास संपल्याची घंटा झाली तरी दोघी मुली जागेवरच बसल्या होत्या, कारण एकीचे उत्तर सहाव्या खेपेला आले होते आणि दुसरीचे सातव्या, आणि असे का, हे त्यांना हवे होते. मलाही त्या वेळी ते सांगता आले नाही. चौपन्न खोल्यांचा हिशेब मी घरी जाऊन केला.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे. कापरेकरांच्या पुस्तिका थोड्या प्रतींत, साध्या कागदावर निघाल्या. त्यांतल्या काही आपल्याच परिसरातील निवृत्त शिक्षकांच्या कपाटांत, जुन्या पाठ्यपुस्तकांच्या गठ्ठ्यांत पडून असण्याचा संभव आहे. ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी या दोहोंपैकी एका संस्थेकडे नेऊन द्याव्यात. आणि डोंबिवलीच्या शाळांनी १७ जानेवारीला एक तास काढून फळ्यावर नऊ एकक लिहावेत व मुलांना त्यांचा वर्ग हाताने करायला लावावा. वेळ लागेल, हातचे चुकतील, काहींचा मनोरा वाकडाही होईल. पण गणनयंत्र वापरू देऊ नये.